जावयाची गाडी आणि पंपाची वायर

दुकानात आलेलं गिऱ्हाईक पहिलं वाक्य बहुतेक वेळा खोटं बोलतं. "मी कायलेच हात नाही लावला भाऊ, आपोआप बंद पडली," हे ते वाक्य. गाडी धुताना पाण्याचा पाइप थेट हेडलाइटच्या मागे धरलेला असतो, किंवा बारा व्होल्टच्या गाडीवर लग्नाच्या वरातीतला भोंगा लावून पाहिलेला असतो, पण वाक्य तेच. दुचाकीच्या विजेचं काम सुरू केल्यावर पहिली काही वर्षं मी या वाक्यावर विश्वास ठेवून गाड्या तपासल्या आणि त्यात माझं पुष्कळ आयुष्य गेलं. माझी बायको सुमन मात्र दुकानात बसायला लागल्यापासूनच शहाणी होती. ती गिऱ्हाइकाला म्हणायची, "बसा, चहा घ्या," आणि दुसऱ्या वाक्याची वाट पाहायची. अर्धा कप चहा संपला की ते यायचं. "तसं साळ्यानं थोडं उघडून पाह्यलं होतं म्हना..." मग ती माझ्याकडे नुसतं बघायची आणि मी स्क्रू ड्रायव्हर उचलायचो.

आमचं दुकान मालेगावला, एसटी स्टँडच्या समोर. हे वाशीम जिल्ह्यातलं मालेगाव. हा खुलासा आम्हा मालेगावकरांना जन्मभर करावा लागतो. मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. मास्तरकी मिळेल असं सगळ्यांना वाटत होतं, तोवर म्हणून दुकान टाकलं. ते 'तोवर' अजून चालू आहे. दुकानाला नाव आहे, पण गाव त्याला 'बीएस्सीचं दुकान' म्हणतं. बल्ब घ्यायला आलेला माणूसही उंबऱ्यातून ओरडतो, "ओ बीएस्सी, इंडिकेटरचा बल्ब हाय काय?"

ज्यांनी कधी गाडी उघडून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मोटारसायकलच्या टाकीखालून, सीटखालून, हँडलच्या मानेतून रंगीत वायरींचा एक जाड दोर गेलेला असतो. वरून काळी टेप गुंडाळलेली असते. यालाच आम्ही वायरिंग म्हणतो. आतल्या वायरी कुठे एकीच्या दोन होतात, कुठे दोनांची एक होते, आणि हे सगळं टेपच्या आत, न दिसणारं. बल्ब, बॅटरी, हॉर्न ही बाहेरची कामं. खरं काम टेपच्या आत असतं, आणि ते सुमन करायची.

तिची रीत तिनेच शोधलेली होती. टेप न काढता ती तो दोर एका टोकापासून दोन्ही हातांच्या बोटांत घेऊन पुढे पुढे सरकवायची, देवासाठी वात वळावी तसा. वायर चांगली असेल तर बोटाखाली मऊ लागते. आतून तापून गेलेली असेल तर तिचं आवरण कडक होतं. "इथं तुराटी लागली," असं ती म्हणायची आणि बरोबर त्याच जागी टेप कापायची. आमच्याकडे तुरीची वाळलेली काडी माहीत नाही असा माणूस नाही, त्यामुळे गिऱ्हाइकालाही लगेच कळायचं.

एकदा एक निवृत्त हेडमास्तर आले. गाडी डावीकडे वळवली की त्यांचा हॉर्न आपोआप वाजायचा. त्यांनी तक्रार न करता डावीकडे वळणंच सोडून दिलं होतं. भाजीबाजार घरापासून डाव्या हाताला, म्हणून गुरुजी उजवीकडून अख्ख्या गावाला वळसा घालून भाजी आणत होते. हे महिनोन्महिने चाललं. शेवटी गुरुजींच्या पत्नीनेच त्यांना दुकानात पिटाळलं. सुमनने हँडलच्या मानेजवळ बोटं फिरवली, जागा सापडली, आत एक वायर पत्र्याला घासून उघडी पडलेली. काम चहा निवायच्या आत झालं. गुरुजी जाताना आमच्या दुकानापासून मुद्दाम डावीकडे वळले, आणि हॉर्न वाजला. पण या वेळी तो त्यांनीच, आनंदाने, वाजवला होता.

तिची आणखी एक सवय होती. काम झाल्यावर टेप गुंडाळली की शेवटचं टोक ती बोटभर आत दुमडायची. चिकट बाजू चिकट बाजूवर, म्हणजे टोक मोकळं राहतं. मी एकदा म्हणालो होतो की असं दिसायला बरं दिसत नाही. ती म्हणाली, "दिसाले नाही केलं. पुढं कोनी उघडलं तं त्याले टोक सापडलं पाहिजे."

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी सुमन गेली. दुखणं लहान वाटलं होतं, ते लहान नव्हतं. त्याविषयी इथे इतकंच. दुकान मी लवकरच उघडलं, कारण घरात पुस्तकं वाचत बसलो की पानं उलटायची आणि काही वाचलेलं नसायचं. पण एका पुठ्ठ्यावर 'वायरिंगचे काम बंद आहे' असं लिहून तो दारावर खिळ्याला अडकवला. बॅटऱ्या विकत होतो, बल्ब बदलत होतो. टेपच्या आत हात घालत नव्हतो. लोकांनाही ते कळलं होतं, कोणी आग्रह केला नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात एका सकाळी दुकानापुढे मालवाहू ऑटो थांबला. त्यात दोरीने बांधलेली एक नवीकोरी मोटारसायकल होती आणि तिला लहान वासरासारखं धरून एक बारीक अंगाचे गृहस्थ उभे होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन. चालकाच्या मदतीने त्यांनी गाडी उतरवली, स्टँडवर लावली, फडक्याने तिच्यावरची धूळ पुसली आणि मग माझ्याकडे वळले.

"जय भीम भाऊ. मी उत्तमराव, मेडशीचा."

"जय भीम."

"गाडीचं वायरिंग पाहा लागते."

मी पाटीकडे बोट दाखवलं.

"मले वाचता येते," ते म्हणाले. "पन मी वाचली नाही असं समजा."

मी काही बोलायच्या आत ते पायरीवर बसले आणि म्हणाले, "गाडी मी जाळली. जवायाची हाय."

इतक्या वर्षांत पहिल्याच वाक्यात खरं बोललेलं हे गिऱ्हाईक. मी चहा मागवला.

उत्तमरावांची मुलगी करुणा आणि जावई मिलिंद चार दिवसांसाठी मेडशीला आले होते. मिलिंद पोस्टात नोकरीला. रिठदला करुणाची मावशी राहते, तिला भेटायला दोघं गेले. ऊन फार म्हणून एसटीने गेले आणि गाडी सासऱ्याच्या अंगणात ठेवून गेले. चावीही देऊन गेले. "मामा, लागली तर चालवा," असं जावई म्हणाला होता.

"मी चालवली नाही," उत्तमराव म्हणाले. "मले भेव वाटे. पन गावात लाइटचा खेळ चालू होता. त्या गाडीले हँडलपाशी मोबाइल चार्ज कराचं भोक हाय. चाबी चालू ठेवली, मोबाइल लावला, अन् मी वावरात गेलो. येऊन पाहतो तं मोबाइल फुल, अन् गाडी मेलेली."

"बॅटरी उतरली."

"हो. मंग मी म्हनलं, ट्रॅक्टरची बॅटरी लावू. तं वायर पाहिजे. घरात विहिरीच्या मोटरची वायर पडली होती."

इथे मला सगळं दिसू लागलं. विहिरीतल्या मोटरची वायर चपटी असते आणि तिच्यात तीन रंग असतात, लाल, पिवळा आणि निळा. काळा नसतोच. उत्तमरावांनी त्यातल्या लाल आणि निळ्या सोलून ट्रॅक्टरच्या बॅटरीपासून गाडीच्या बॅटरीपर्यंत नेल्या. पहिल्या वेळी त्यांनी बरोबर जोडल्या होत्या. अधिकाला अधिक, उण्याला उणं.

"मंग?"

"बटन दाबलं तं नुसतं टक टक. इंजिन फिरेच ना. मी म्हनलं, फेज उलटा आला. तं दोन वायरी बदलून टाकल्या."

मला हसू आलं. ते माझ्याकडे रागाने नाही, तर प्रामाणिक कुतूहलाने पाहू लागले. "काहून? मोटर उलटी फिरली तं आमी हेच करतो."

ते खरंच आहे. आमच्या भागात हे प्रत्येक शेतकऱ्याच्या हातात बसलेलं असतं. कुठे तारा तुटल्या, जोडल्या, फेजची अदलाबदल झाली की विहिरीवरची मोटर उलटी फिरते आणि पाणी चढत नाही. मग तीनपैकी कोणत्याही दोन वायरी एकमेकींच्या जागी लावायच्या, मोटर सुलट फिरते. विचार करावा लागत नाही. पण ती वीज वेगळी. ती सेकंदाला कितीतरी वेळा दिशा बदलत असते, तिला उलट-सुलटचं सोयरसुतक नाही. बॅटरीची वीज एकाच दिशेने वाहते, आणि आजकालच्या गाडीतला प्रत्येक भाग ती दिशा गृहीत धरून बनवलेला असतो. बाहेरचा शहरातला माणूस ही चूक करताना घाबरून करेल किंवा नकळत करेल. उत्तमरावांनी ती पूर्ण आत्मविश्वासाने केली. टक टक आवाज फक्त एवढ्यासाठी येत होता की मोटरची वायर त्या कामाला बारीक होती.

"मोठी ठिणगी उडाली," ते म्हणाले. "मंग काहीच नाही. हॉर्न नाही, लाइट नाही."

कंपनीच्या दुकानात ते गाडी घेऊन जाऊन आले होते. तिथल्या माणसाने नीट तपासून सांगितलं की अख्खं वायरिंग आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाला पेट्रोल कधी आणि किती द्यायचं हे ठरवणारा गाडीचा मेंदू, दोन्ही बदलावे लागतील आणि माल यायला आठवडा तरी लागेल. त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. टेपच्या आत शोधत बसायला त्यांच्याकडे सवड नसते.

"जवाई उद्या येऊन राह्यला," उत्तमराव म्हणाले. कप खाली ठेवला. "भाऊ, तुमाले सांगतो. लग्नात मीच म्हनलं होतं, गाडी देतो. त्यानं हात जोडले. म्हने, मामा, गाडी मी माही घेईन, तुमी फक्त टायमावर लग्न लावा. एक रुपया घेतला नाही. मंग सोताच्या पगारातून हे गाडी घेतली, अन् घेतल्या घेतल्या पयले मले दाखवाले आनली. आता त्याले काय वाटन? सासऱ्यानं दिली तं नाहीच, हाय ते बी जाळली."

मी पाटीकडे पाहिलं नाही. गाडीची सीट काढायला घेतली.

सुरुवात बाहेरून केली. मुख्य फ्यूज उडालेला होता. माझी चांगली बॅटरी जोडून नवा फ्यूज टाकला, तोही त्याच क्षणी उडाला. म्हणजे कुठेतरी वीज सरळ पळून जात होती. अशा वेळी एकेक भाग सोडवत जायचं. रेग्युलेटर नावाची एक चौकोनी डबी असते, इंजिनाने तयार केलेली वीज बॅटरीला देणारी. तिच्यात एकाच बाजूला उघडणारी दारं असतात म्हणा ना. वीज उलटी आली की ती सगळी दारं उघडी पडतात आणि जळून उघडीच राहतात. डबी सोडवली, फ्यूज टिकला. माझ्याकडे तशी नवी डबी होती, ती लावली. चावी फिरवली तर हेडलाइट लागला, हॉर्न वाजला.

उत्तमरावांनी टाळीच वाजवली. "झाली!"

झाली नव्हती. चावी फिरवल्यावर अशा गाडीच्या टाकीतला पेट्रोलचा पंप क्षणभर झूं असा आवाज करतो आणि हँडलसमोरच्या मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. दोन्ही गायब. ही दोन्ही कामं मेंदूची. मेंदूला वीज पोचते का ते माझ्या वीज मोजायच्या मीटरने पाहिलं. बरोबर बारा व्होल्ट. अर्थची, म्हणजे वीज परत नेणारी वायरही ठीक. म्हणजे अन्न तोंडापर्यंत येत होतं आणि माणूस खात नव्हता.

दुपार टळेपर्यंत मी तेच परत परत तपासलं. मग उत्तमरावांना सांगितलं, "मेंदू गेला. तो माझ्याकडे दुरुस्त होत नाही."

त्यांनी फडकं काढून गाडीचा हेडलाइट पुसला. मग म्हणाले, "बरं. उद्या मी सकाळीच येतो. रिठदहून येताना एसटी इथंच बदला लागते, त्याले स्टँडवरच गाठतो अन् सांगतो. गाडी दाखवून नाही सांगनार. पयले सांगनार, मंग दाखवनार." आणि मेडशीच्या एसटीने निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा स्वच्छ धुतलेला शर्ट घालून आले होते. लग्नाला निघावं तसे. रिठदहून येणारी एसटी दुपारची, म्हणून निवांत बसले होते. पण मिलिंद आणि करुणा सकाळच्याच गाडीने निघाले होते. आमचं दुकान स्टँडच्या अगदी समोर हे मी वर सांगितलंच आहे. सीट नसलेली, टाकी उतरवलेली, आतड्यांसारख्या वायरी बाहेर लोंबणारी ती गाडी रस्त्यावरूनच दिसत होती.

"बाबा!" असा आवाज आला आणि उत्तमराव पायरीवरून उठले ते पुन्हा बसले.

करुणा पुढे, मागे दोन पिशव्या घेऊन मिलिंद. "बाबा, तुमी इथं काय करून राह्यले? अन् हे... हे आपली गाडी होय का?"

"नाही," उत्तमराव म्हणाले. मग, "होय."

मिलिंदने पिशव्या खाली ठेवल्या. तो गाडीभोवती एक चक्कर मारून आला. मी इतक्या वर्षांत गिऱ्हाइकांचे राग पाहिले आहेत, पण गप्प माणसाइतकी भीती कशाचीच वाटत नाही.

"मामा, काय झालं?"

आणि उत्तमरावांनी सगळं सांगितलं. मोबाइल, ट्रॅक्टर, लाल वायर, निळी वायर, अदलाबदल. सांगता सांगता ते थांबले, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "अन् आनखी एक. फ्यूज उडाला होता ना, तं मी त्याच्यात तांब्याची तार टाकली होती. मोटरच्या पेटीत टाकतो तशी. चाबी फिरवली तं टाकीच्या खालून धूर निंघाला, मंग काढून फेकली."

मी हातातला पाना खाली ठेवला. "उत्तमराव, हे काल काहून नाही सांगितलं?"

"काल तुमीच होते भाऊ," ते म्हणाले. "आज जवाई समोर हाय."

हे ते दुसरं वाक्य. सुमन असती तर आदल्या दिवशीच तिने ते चहाच्या अर्ध्या कपावर काढलं असतं. पहिलं वाक्य खरं निघालं म्हणून मी दुसऱ्याची वाटच पाहिली नव्हती.

फ्यूजचं काम म्हणजे वेळेवर मरणं. तो मेला की बाकीचे वाचतात. त्याच्या जागी तांब्याची तार टाकली की ती मरत नाही, आणि मग सगळा ताप वायरींना सोसावा लागतो. म्हणजे टेपच्या आत काहीतरी शिजलं होतं. मी आदल्या दिवशी मीटरवर विश्वास ठेवला, आणि मीटर या एका बाबतीत फसवतो. वायर जळून तिच्यातल्या तांब्याचा एखादाच केस शिल्लक असला तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण मीटरला वीज जवळजवळ लागतच नाही. काम करणाऱ्याला ती लागते. मी हेडलाइटचा एक जुना बल्ब घेतला आणि मेंदूच्या वायरीवर धरला.

बल्ब लागला नाही. काजव्याइतकाही नाही.

"मेंदू गेला नाही," मी म्हणालो. माझाच आवाज मला मोठा वाटला. "उपाशी असेल."

"असन का आहे?" करुणाने विचारलं. ती बापावर गेलेली नव्हती.

"ते वायरिंग उघडल्यावर कळेल."

आणि मग मी थांबलो. गल्ल्याशेजारच्या खणात सुमनची कात्री होती, कापडी टेपची अर्धी गुंडाळी होती. तिघंही माझ्याकडे पाहत होते. मिलिंद म्हणाला, "काका, टाइम लागला तं लागू द्या. आमी बसतो." मग सासऱ्याकडे वळून, "मामा, तुमाले तं काही झालं नाही ना? ट्रॅक्टरची बॅटरी फुटते कधी कधी. डोळ्यात गेलं असतं म्हंजे?"

उत्तमरावांनी मान खाली घातली. मला वाटतं, जावयाने चार शिव्या दिल्या असत्या तर त्यांना सोपं गेलं असतं.

"मोबाइल चार्ज कराले अख्खी गाडी लागते आमच्या बाबाले," करुणा म्हणाली. "उद्या टॉर्च चार्ज कराले एसटी उभी करतीन." मिलिंदला हसू फुटलं, मग उत्तमरावांनाही, आणि त्या हसण्याच्या आडोशाने मी खण उघडला.

दोर दोन्ही हातांत घेतला. सीटच्या बाजूने सुरुवात केली आणि वात वळावी तसा पुढे सरकवत निघालो. मी हे कधी केलं नव्हतं, फक्त पाहिलं होतं. पण रोज इतकी वर्षं पाहिलं होतं. मऊ, मऊ, मऊ. टाकीच्या खालचा भाग आला. मऊ. मी दोनदा मागे गेलो. माझी बोटं जाड आहेत, तिच्यासारखी नाहीत, म्हणून डोळे मिटले. हँडलच्या मानेच्या थोडं अलीकडे बोटाखाली काहीतरी वेगळं लागलं. दाबलं तर आतून बारीक कट्‌ असा आवाज आला.

"इथं तुराटी लागली," मी म्हणालो.

"आँ?" उत्तमराव.

"वाळलेली तुराटी. पाहा, दाबून पाहा."

त्यांनी दाबलं. त्यांचा चेहरा उजळला. "बाप्पा! खरंच की हो! करुणा, पाह्य इकडं, दाब."

टेप कापली. आत एका जागी एक जाड वायर दोन वायरींमध्ये फुटत होती. एक रेग्युलेटरकडे, दुसरी मेंदूकडे. तो सांधा काळा पडला होता, आवरण वितळून एकमेकांत मुरलं होतं, आणि मेंदूकडे जाणारी वायर खरोखरच दोन-चार केसांवर लटकत होती. बाकी दोर शाबूत. अख्खं वायरिंग बदलायची गरज नव्हती. वीतभर वायर बदलायची होती.

चांगल्या तांब्यापर्यंत मागे कापत गेलो, नवी वायर जोडली, कथील वितळवून झाळ लावली, वर रबरी नळी चढवून ती तापवून घट्ट बसवली. शेजारच्या ज्या वायरींना आच लागली होती त्यांनाही नवं आवरण दिलं. उत्तमराव टॉर्च हातात धरून उजेड दाखवत होते आणि दर थोड्या वेळाने विचारत होते, "लाल तं लाललेच जोडली ना भाऊ?" करुणा म्हणाली, "बाबा, तुमी रंगाचं नाव बी काढू नका."

चावी फिरवायला मी मिलिंदला सांगितलं. मेंदू उपाशी होता की खरंच गेला होता, हे आता एका क्षणात ठरणार होतं. त्याने फिरवली.

झूं.

टाकी बाजूच्या स्टुलावर ठेवून नळीने आणि वायरीने जोडली होती. तिच्या पोटातून तो आवाज आला, आणि मीटरवर पिवळा दिवा लागला. मी हा आवाज हजारो गाड्यांवर ऐकला असेन. त्या दिवशी तो मला भजनातल्या एकतारीसारखा वाटला, आणि असं लिहायला मला अजिबात संकोच वाटत नाही.

"जिवंत आहे," मी म्हणालो.

टेप गुंडाळायला घेतली. सुमनचीच अर्धी गुंडाळी होती, ती पुरली. शेवटी टोक बोटभर आत दुमडलं. उत्तमराव लक्ष देऊन पाहत होते. "हे काहून दुमडलं?"

"पुढं कोणी उघडलं तर त्याला टोक सापडलं पाहिजे."

"बरोबर हाय," ते म्हणाले. "आमी बी पोत्याची गाठ अशीच मारतो, ओढली का सुटते."

टाकी, सीट चढवली. मिलिंद गाडीवर बसला, मग उतरला आणि चावी सासऱ्यापुढे धरली. "मामा, स्टार्ट तुमी मारा."

"मी? नाही बा. माह्या हाताले गुन नाही."

"तुमीच मारा."

"अरे पुन्हा जळाली म्हंजे?"

"जळाली तं काका हायतच ना इथं," मिलिंद म्हणाला.

उत्तमराव गाडीवर बसले. एकदा माझ्याकडे, एकदा पोरीकडे पाहिलं. बटण असं दाबलं जसं कोणी झोपलेल्या बाळाच्या गालाला बोट लावावं. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. त्या एका क्षणी त्यांचा चेहरा जो झाला तो मला अजून दिसतो. स्टँडवरची दोन-चार माणसं वळून पाहू लागली, कारण उत्तमराव इंजिनाच्या आवाजावर ओरडत होते, "चालू झाली! चालू झाली ना बाप्पा!" जणू आम्हाला ऐकू येत नव्हतं.

निघताना करुणा दारापाशी थांबली. खिळ्याला अडकवलेला पुठ्ठा तिने वाचला, 'वायरिंगचे काम बंद आहे'. मग मागे वळून टेबलावरच्या कापलेल्या टेपच्या चिंध्यांकडे पाहिलं.

"काका, हे पाटी खोटी हाय," ती म्हणाली.

माझंही ते पहिलं वाक्यच होतं. मी पाटी काढली. पुठ्ठा चांगला जाड होता, आता त्यावर ठेवून मी झाळ लावतो.

त्यानंतर वायरिंगची कामं पुन्हा येऊ लागली आहेत. सुमनइतका माझा हात चालत नाही, तिला एका फेरीत सापडायचं ते मला तीन फेऱ्यांत सापडतं. पण सापडतं. गिऱ्हाइकाला मी आता आधी चहा देतो. आणि कधीतरी एखादी जुनी गाडी येते, टेप उघडायला जातो तर टोक दुमडलेलं असतं. मग मला नख लावावं लागत नाही.

उत्तमरावांचा फोन उन्हाळा संपता संपता आला. मागून वाऱ्याचा आणि मोटरच्या गुरगुरण्याचा आवाज येत होता. ते विहिरीवर होते.

"भाऊ, मोटर उलटी फिरून राह्यली. पानी चढत नाही."

"मग?"

"मंग म्हनलं, तुमाले इचारून घ्यावं." थोडं थांबून त्यांनी आवाज खाली आणला. "दोन वायरी बदलू काय?"

"बदला उत्तमराव," मी म्हणालो. "तिथं बदलायच्याच असतात."

त्यांनी फोन तसाच चालू ठेवला होता. खटका पडल्याचा आवाज आला, मग पुन्हा मोटरची घरघर, आणि मग पाइपातून उसळून हौदात पडणारं पाणी मला मालेगावात बसून ऐकू आलं.